दुसऱ्या कडव्याची मंजुरी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर घर माझं नाही, मित्राचं आहे. दुसरं म्हणजे या सगळ्यात एक गाणं, एक वायफाय आणि एक कुकर सोडून काहीच नाही, आणि एवढ्यावर कोण काय वाचणार. पण त्या घरात जे झालं ते इतकं शिस्तीत झालं, की त्याची नोंद न घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

मित्राला सगळे वायऱ्या म्हणतात. कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीतले प्लग बघतो, मग माणसं. शिकला भलतंच काहीतरी, पण व्हिडिओ बघून बघून हात बसलाय. आमच्या सगळ्यांच्या घरातले राउटर आणि डोअरबेल त्याच्याच कृपेनं चालतात. बंद पडतात तेही त्याच्याच कृपेनं.

त्याच्या घरात चार माणसं. बाबा, आई, ताई आणि तो. आणि पाचवा, बाबांचा डेक. हॉलमधल्या कपाटावर जुना अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यावर कॅसेट डेक, दोन्ही बाजूंना कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. आई त्यांना पेट्या म्हणते. सगळ्यावर मिळून एक कापड. ते कापड उचलायचा अधिकार फक्त बाबांचा.

बाबा एका मोठ्या कार्यालयात आवक विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाले, पण अजूनही रोज संध्याकाळी कामावरून आल्यासारखे बेडरूममधून हॉलमध्ये येतात, ‘हुश्श’ करतात, आरामखुर्चीत बसतात आणि कॅसेट लावतात. कॅसेट ठरलेली, गाण्यांचा क्रम ठरलेला. आणि बरोबर तिसऱ्या गाण्याला स्वयंपाकघरात कुकरला वाफ धरते, हेही ठरलेलं.

वायऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. आई भांडी विसळताना ते तिसरं गाणं गुणगुणते. पहिलं कडवं शब्दांसकट. दुसरं नुसतं ‘हं हं हं’ करत. मग एकदम शेवटची ओळ, पुन्हा शब्दांसकट.

“आई, मधले शब्द विसरलीस?”

“विसरायला आधी माहीत तर पाहिजेत. मध्ये कुकर होतो ना.”

“म्हणजे इतक्या वर्षांत दुसरं कडवं तू ऐकलंच नाहीयेस?”

“कधी ऐकू? पहिलं ऐकते. मग शिट्ट्या. गॅस बंद करेपर्यंत गाणं संपत आलेलं असतं.” आईनं हात पुसले. “एकदा बसून ऐकायचंय मला ते. त्या मोठ्या पेट्यांवर. बघू कधी जमतंय.”

“फोनवर लावून देते की तुला,” ताई म्हणाली. ताई कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला झटपट उत्तर असतं.

“फोनवर नको गं. डबीत कोंबलेल्या माणसानं गायल्यासारखं वाटतं.”

वायऱ्यानं हे सगळं ऐकलं. नीट ऐकलं. पण अडचण सांगितली, की तिच्यातला वायरीनं सुटण्यासारखा भाग तेवढा उचलायचा, अशी त्याला सवय. त्यानं ‘ऐकायचंय’ उचललं आणि ‘बसून’ तिथेच ओट्यावर राहू दिलं.

मग तो बाबांकडे गेला. “बाबा, त्या तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं काय आहे हो?”

“छान आहे.”

“शब्द काय आहेत?”

“शब्दसुद्धा छान आहेत,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपर वर धरला.

वायऱ्यानं निदान केलं: गाणं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. उपाय: पोचवणं. आठवड्याभरात खोकी आली. एक चपटी डबी, ती बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागून जोडायची. ती वायफायवरून गाणं ओढणार आणि घरभर वाटणार. एक स्पीकर स्वयंपाकघरात, एकेक दोन्ही बेडरूममध्ये, आणि एक बाथरूममध्ये, कारण संचात तो होताच आणि परत कोण पाठवणार. भिंत फोडणं नाही, वायर ओढणं नाही. सगळ्या खोल्यांत एकच गाणं, एकाच क्षणाला. खोक्यावर तर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं, चौघंही चार वेगवेगळ्या खोल्यांत.

कापड बाजूला करायला बाबांनी तोंडी परवानगी दिली, स्वतः उभे राहून. डबी जोडली गेली. अ‍ॅप उघडलं. आणि अ‍ॅपनं पहिला प्रश्न विचारला: या घराचे प्रमुख कोण?

आता हा प्रश्न साधा होता. दुसरा कुणी असता तर स्वतःचा नंबर टाकून मोकळा झाला असता. पण वायऱ्या संस्कारी मुलगा. समोर बाबा उभे. त्यानं बाबांचा नंबर टाकला.

चूक म्हणायची तर एवढीच झाली. पुढचं सगळं नियमानुसार झालं.

थोड्याच वेळात बाबांच्या फोनवर टुंग वाजलं. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “‘स्वयंपाकघर’ यांना सामील व्हायचे आहे. मंजूर, नामंजूर, नंतर.”

बाबा खुर्चीत सरळ बसले. निवृत्तीपासून त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मुलं विचारायची नाहीत, सांगायची. बँकेतसुद्धा हल्ली मशीन होतं. आणि आज चक्क एक खोली त्यांच्या दारात उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की ताईला वाटलं बल्ब बदललाय.

त्यांनी ‘नंतर’ दाबलं.

“बाबा, मंजूर दाबायचं!” वायऱ्या ओरडला.

“कळतं मला. पण आलेला अर्ज आल्या दिवशी मंजूर करायचा नसतो. लोकांना वाटतं, याला काही काम नाही.”

“लोक म्हणजे आई आहे हो.”

“मग तर जास्तच जपायला हवं. आपल्याच माणसाला झुकतं माप दिलं असं होतं.”

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरानं पुन्हा विनंती पाठवली. बाबांनी विचारणा केली की स्वयंपाकघराला गाणं कशासाठी हवंय.

“ऐकायला,” आतून आई म्हणाली.

“तो उद्देश झाला. मी कारण विचारतोय.”

“भाजी करपतेय, हे चालेल का कारण?”

बाबांनी ते तात्कालिक स्वरूपाचं आहे असा शेरा मारून विनंती पुढे ढकलली.

बेडरूमांचं जरा बरं झालं. त्यांना तत्त्वतः मान्यता मिळाली, म्हणजे दिवा लागला पण आवाज आला नाही. खरी गंमत बाथरूमची झाली. बाबा आंघोळीला गेले असताना फोन बाहेरून टुंग टुंग करत होता, तो आत मागवून घेतला गेला, आणि साबणाच्या अंगठ्यानं ‘मंजूर, कायमस्वरूपी’ दाबलं गेलं. दिलेली मंजुरी मागे घेतली तर पायंडा पडतो, म्हणून बाबांनी ती तशीच राहू दिली.

परिणाम व्हायचा तो झाला. अख्ख्या घरात मनासारखं गाणं लावता येईल अशी एकच जागा उरली. ताई पुस्तकं घेऊन बाथरूममध्ये अभ्यासाला बसायला लागली, उलट्या बादलीवर. वायऱ्या ऑफिसचे फोन तिथून घ्यायला लागला. समोरच्याला वाटायचं हा फार मोठ्या सभागृहात बसतो. आईनं एकदा कांदा आणि विळी घेऊन उंबऱ्याशी बसून पाहिलं, पण तिचं गाणं लागायच्या आधीच बाबांना घाई झाली. त्याच दिवशी बाबांनी कुटुंबाच्या ग्रुपवर परिपत्रक काढलं: बाथरूमचा वापर त्याच्या मूळ प्रयोजनासाठीच करण्यात यावा. खाली ताईनं अंगठा पाठवला. बाबांनी तो पोच म्हणून धरला.

“बाबा, प्रमुख मला करा ना,” वायऱ्यानं शेवटी हात जोडले. “एक बटण आहे. तुम्हाला डोक्याला ताप नको.”

“कर की. मी कुठे अडवलंय?”

वायऱ्यानं प्रमुख बदलण्याची विनंती टाकली. ती मंजुरीसाठी प्रमुखांकडे गेली. प्रमुखांनी ‘नंतर’ दाबलं.

“पण तोवर,” बाबा म्हणाले, “तुझ्याकडे अतिरिक्त कार्यभार देतो.”

“म्हणजे काय करता येईल मला?”

“काही बिघडलं तर जबाबदार धरता येईल.”

मध्ये आईनं काय केलं? काही नाही. ती रोज तिसऱ्या गाण्याला स्वयंपाकघराच्या दारात यायची, पहिलं कडवं ऐकायची, कुकरची पहिली शिट्टी झाली की आत जायची. ओट्यावर तो नवा स्पीकर मंजुरीची वाट बघत गप्प बसलेला असायचा. आई येता-जाता त्याच्यावरचं तेल पुसायची. एकदा म्हणाली, “याचं पण माझ्यासारखंच आहे. घरात आहे, पण ऐकू काही येत नाही.”

हे वायऱ्याला लागलं. तो बाबांसमोर जाऊन बसला तो उठेचना. म्हणाला, हे सगळं मी कशासाठी केलं? आईला ते कडवं ऐकता यावं म्हणून. तुमच्या ‘नंतर’, ‘नंतर’मध्ये ती आहे तिथेच आहे. बाबा, आज मंजुरी द्या, नाहीतर मी सगळं उचकटून खोक्यात भरतो.

बाबा गंभीर झाले. आवाज वाढला की प्रकरण निकडीचं आहे असं समजायचं, हा त्यांच्या विभागाचा जुना नियम. त्यांनी मंजुरी दिली. सशर्त. स्वयंपाकघराला वेगळं गाणं मिळणार नाही, नाहीतर उद्या बाल्कनीही मागेल. जे हॉलमध्ये वाजेल तेच, तेवढंच आणि त्याच आवाजात सगळ्या खोल्यांत वाजेल. सगळे स्पीकर एका साखळीत. समान न्याय.

“चालेल,” वायऱ्या म्हणाला. त्याला नाचावंसं वाटत होतं.

त्या संध्याकाळी तयारी म्हणजे अगदी उद्घाटनासारखी. कॅसेटऐवजी तेच गाणं वायफायवरून येणार होतं; साखळी जोडल्यापासून अ‍ॅम्प्लिफायर फक्त डबीचंच ऐकत होता. बाबा आरामखुर्चीत. ताई तिच्या खोलीत. वायऱ्या पॅसेजमध्ये, दोन्हीकडे लक्ष ठेवून. आई ओट्याशी, एका हातात कालथा. कुकर चढवलेला, कारण समारंभ झाला तरी माणसं जेवणार होतीच.

गाणं सुरू झालं. एकाच क्षणी, सगळ्या खोल्यांत. खरंच सुंदर वाजलं. पहिलं कडवं संपलं, मधलं संगीत आलं, आईनं कालथा खाली ठेवला, डोळे मिटले.

आणि कुकरची शिट्टी झाली.

आता त्या स्पीकरचा एक गुण वायऱ्याच्या वाचनातून निसटला होता. त्याला कान होते. आजूबाजूला कुणी बोलायला लागलं की तो सौजन्य म्हणून स्वतः गप्प बसायचा, बोलणाऱ्याचं संपेपर्यंत. कुकरनं शिट्टी मारली. स्पीकरला वाटलं, घरातलं मोठं माणूस बोलतंय. तो गप्प झाला. आणि साखळी असल्यामुळे त्याच्याबरोबर बेडरूम गप्प, बाथरूम गप्प, आणि हॉलमधल्या त्या दोन लाकडी पेट्याही गप्प.

शिट्ट्या संपल्या तेव्हा गाणं पुढे निघून गेलं होतं. शेवटची ओळ मात्र घरभर स्पष्ट ऐकू आली.

बाबा ताडकन उठले. “हे काय? दुसरं कडवं कुठे गेलं?”

स्वयंपाकघरातून आईचा शांत आवाज आला. “इतकी वर्षं मीही तेच शोधतेय.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. एरवी त्या घरात दुसरं कडवं एकाच माणसाला मिळत नव्हतं आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. आता ते कुणालाच मिळेना, तेव्हा विषय ऐरणीवर आला. बाबांनी तातडीची बैठक बोलावली. डायनिंग टेबलवर, चहासहित. चहा आईनं केला.

“मूळ अडचण कुकर आहे,” बाबांनी प्रास्ताविक केलं.

ताई म्हणाली, कुकर बाल्कनीत ठेवू. वायऱ्या म्हणाला, स्पीकरचे कान बंद करायची सेटिंग आहे, पण तिला प्रमुखांचा पासवर्ड लागतो. प्रमुख पासवर्ड विसरले होते. प्रमुखांनी कंपनीला कळवलं होतं आणि कंपनीचं उत्तरही आलं होतं: आपली विनंती आम्हाला मिळाली आहे, ती विचाराधीन आहे, कृपया पुन्हा विचारणा करू नये.

“बघा, याला म्हणतात कामाची पद्धत,” बाबा कौतुकानं म्हणाले.

“आणि जुनी कॅसेट लावली तर?” ताईनं विचारलं.

“डबीची वायर काढावी लागेल. ती जोडलेली मालमत्ता आहे. पासवर्ड मिळेपर्यंत हात लावायचा नाही.”

मग बऱ्याच सूचना आल्या. कुकरला रबर गुंडाळावं. गाणं दुपारी हलवावं. दुसरं कडवं पहिल्याच्या आधी वाजवता येतं का बघावं. कुकरनं शिट्टीच्या आधी पूर्वसूचना द्यावी. शेवटी ठराव झाला की स्वयंपाकघरानं स्वयंपाक अशा प्रकारे करावा की तो झालेला ऐकू येणार नाही. ठरावाला तिघांनी हात वर केले. आई तेव्हा कप उचलत होती, म्हणून तिचे हात मोकळे नव्हते. तिची संमती गृहीत धरली गेली.

आईनं कप सिंकमध्ये ठेवले. तांदूळ धुतले. कुकर चढवला. गॅस मोठा केला. मग पदराला हात पुसत ती हॉलमध्ये आली, सरळ कपाटामागे गेली, आणि डबीची वायर ओढून काढली. जोरात नाही. घरात मुंगळा दिसला तर उचलून बाहेर सोडतात तशी.

“अगं!” बाबा म्हणाले.

आईनं कॅसेट आत ढकलली, पुढे पळवून तिसऱ्या गाण्यावर आणली, आणि आरामखुर्चीत बसली. बाबांच्या. तिला ती थोडी मोठी होत होती.

“अगं, कुकर?” बाबांनी विचारलं.

“लावलाय. बघा.”

“बघा म्हणजे?”

“बघा म्हणजे बघा. तिघं आहात.”

तिघं स्वयंपाकघरात गेले. कुकरसमोर अर्धवर्तुळ करून उभे राहिले. कुकर फुसफुसायला लागला.

“किती शिट्ट्या करायच्या असतात?” ताईनं विचारलं.

“तीन असतील,” वायऱ्या म्हणाला.

“मोठ्या गॅसवर की लहान?” 

“आईला विचारू?”

“थांबा,” बाबा म्हणाले, “ती ऐकतेय.”

कितीतरी वर्षांनी असं वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं असेल. वायऱ्या मला म्हणाला, त्या क्षणी त्याला ओट्यावर पडलेला तो शब्द दिसला. ‘बसून.’ एवढे स्पीकर, एवढं वायफाय, एवढ्या बैठका, सगळं कशासाठी? तर गाणं आईपर्यंत नेण्यासाठी. आईला गाण्यापर्यंत येऊ द्यायचं, तर कुणीतरी तिच्या जागी ओट्याशी उभं राहायला हवं होतं, आणि ते बटण अ‍ॅपमध्ये नव्हतं.

मग शिट्टी झाली. मग आणखी एक. मग वाद झाला की ती दुसरी होती की पहिलीचाच उरलेला भाग. त्या गडबडीत कुकर वाजतच राहिला, आणि हॉलमध्ये, त्या मोठ्या पेट्यांवर, दुसरं कडवं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाजलं. स्वयंपाकघरातल्या तिघांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

भाताची खळ झाली होती. ती चमच्यानं खाता खाता बाबांनी शेवटी विचारलंच. “काय गं, काय आहे त्या दुसऱ्या कडव्यात?”

“तुम्हाला ठाऊक असेल की. रोज ऐकता.”

“नाही म्हणजे... लक्षात नाहीये नेमकं. सांग ना.”

आईनं शांतपणे घास खाल्ला. मग म्हणाली, “नंतर.”

हे सगळं वायऱ्यानं मला गच्चीवर बसून सांगितलं आणि मी पोट धरून हसलो. बाबा असे, ताई तशी, तू तर महान. हसून झाल्यावर मी विचारलं, “मग ते स्पीकर आता काय करणार? एखादा दे ना मला. आमच्याही आईला स्वयंपाकघरात लावून देतो. बिचारी कधीची म्हणतेय.”

“नेमकं काय म्हणतेय?”

मी आठवायला लागलो. तो माझ्याकडे बघत राहिला.

“निवांत... निवांत ऐकायला मिळत नाही, असं काहीतरी,” मी म्हणालो.

“त्यातलं ‘निवांत’ कुठल्या स्पीकरमधून येतं?”

वाचता वाचता तुम्हीही हसला असाल, तर एवढंच सांगा: तुमच्या घरात भाताला किती शिट्ट्या लागतात? विचारून नाही सांगायचं.

“येत्या रविवारी कुकर तू लावायचास,” वायऱ्या म्हणाला. “शब्द दे. मग स्पीकर नेलास तरी चालेल.”

“दिला,” मी म्हणालो. “रविवारी कुकर मीच लावणार. फक्त शिट्ट्या किती, तेवढं आईला विचारून घेतो.”